वेफर तापवणाऱ्या सिरॅमिक हीटरचा पेटंट अर्ज कसा तपासावा: नव्या परीक्षकांसाठी मार्गदर्शन

अर्धवाहक वेफर, म्हणजे चिप बनवण्याची पातळ चकती, तापवणाऱ्या सिरॅमिक हीटरच्या अर्जांत बरेचसे भाग परीक्षकाला आधीच माहीत असतात. ॲल्युमिनियम नायट्राइडची गोल पाटी, तिच्या पोटात पुरलेली रोधक पट्टी, खाली जोडलेला पोकळ दांडा आणि त्या दांड्यातून वर येणाऱ्या टर्मिनलच्या सळया ही रचना १९९० च्या दशकापासून असंख्य अर्जांत आलेली आहे. नवे जे काही असते ते दाव्याच्या, म्हणजे अर्जदार नेमका कशावर हक्क सांगतो ते मांडणाऱ्या वाक्याच्या, शेवटच्या दोन ओळींत असते. तिथे एखादे गुणोत्तर, एखाद्या खाचेची खोली किंवा पट्टीच्या वळणाची एखादी विशिष्ट मांडणी दिलेली असते. या दोन ओळींची किंमत ठरवणे हेच परीक्षणाचे खरे काम आहे, आणि माझ्या मते त्यासाठी एकच प्रश्न सतत हाताशी ठेवावा लागतो: दाव्यातल्या या शब्दामुळे उष्णता कुठून कुठे जाते? हा लेख नव्याने काम सुरू करणाऱ्या परीक्षकासाठी लिहिला आहे. अर्जदाराच्या बाजूने मसुदे तयार करणाऱ्यांनाही तो तितकाच उपयोगी पडेल, कारण परीक्षक जे विचारतो त्याचे उत्तर त्यांना मसुद्यातच द्यायचे असते.

पहिली पायरी: यंत्र समजून घेणे

अर्जातल्या वर्णनाला हात घालण्यापूर्वी अर्धा दिवस यंत्राला द्यावा. रासायनिक बाष्प निक्षेपणाच्या, म्हणजे सीव्हीडीच्या, कक्षात ३०० मिलिमीटर व्यासाचा सिलिकॉनचा वेफर या हीटरवर ठेवला जातो आणि प्रक्रियेनुसार साधारण ४०० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला जातो. वेफरवर बसणाऱ्या थराची जाडी आणि गुणवत्ता तापमानावर अवलंबून असते, त्यामुळे मध्य आणि कड यांच्यात काही अंशांचाच फरक पडला तरी तो थरात उमटतो. या क्षेत्रातल्या बहुतेक अर्जांचे अंतिम उद्दिष्ट म्हणूनच तापमानाचे एकसारखेपण हे असते. जिथे ते नसते तिथे गंज, तडा किंवा विद्युत गळती यांपैकी एखाद्या दोषाचे निवारण हे उद्दिष्ट असते.

ॲल्युमिनियम नायट्राइडच का, हेही माहीत असायला हवे. चांगल्या प्रतीच्या भाजलेल्या पाटीची उष्णता-वाहकता दर मीटर-केल्व्हिनला १७० ते २०० वॅटच्या आसपास असते, तर ॲल्युमिनाची ३० च्या आसपास. भाजताना पाच टक्क्यांच्या आतबाहेर यिट्रिया (यिट्रियमचे ऑक्साइड) मिसळतात. भुकटीच्या कणांवरच्या ऑक्साइडशी ती संयोग पावते आणि स्फटिकात शिरू पाहणारा ऑक्सिजन कणांच्या सीमांवर बांधून ठेवते, त्यामुळे वाहकता वाढते. पाटीत पुरायला मॉलिब्डेनम किंवा टंगस्टन निवडतात, कारण हे धातू १७०० ते १९०० अंशांच्या भाजणीत टिकतात आणि त्यांचे औष्णिक प्रसरण ॲल्युमिनियम नायट्राइडच्या प्रसरणाशी बरेच जुळते. एवढे ठाऊक असले की ‘पट्टी टंगस्टनची असावी’ अशा उपदाव्यात, म्हणजे मुख्य दाव्यात भर घालणाऱ्या दाव्यात, फारसे काही नाही हे वाचताक्षणी कळते.

सर्वांत महत्त्वाचा भाग दांड्याचा आहे. दांड्याच्या खालच्या टोकाला कक्षाची हवाबंद जोडणी असते. तिथल्या रबरी ओ-रिंगा २०० अंशांच्या आसपासच तग धरतात, त्यामुळे ते टोक गार ठेवावे लागते. वर सहाशे अंशांची पाटी, खाली गार टोक आणि मध्ये उष्णतेचा चांगला वाहक असलेला सिरॅमिकचा दांडा अशी ही स्थिती असते. उष्णता दांड्यातून सतत खाली झिरपते आणि पाटीचा मधला भाग गार पडतो. या एका कारणातून किती अर्ज जन्माला आले असतील याची मोजदाद नाही: कोणी दांड्याची भिंत पातळ करतो, कोणी जोडणीशी खाच ठेवतो, कोणी मध्यभागी पट्टीचे वेढे दाट करतो, कोणी दोन स्वतंत्र क्षेत्रे करतो.

दुसरी पायरी: दावा फोडून वाचणे

उदाहरण हाताशी असल्याशिवाय पुढचे बोलणे हवेत राहील, म्हणून एक काल्पनिक दावा घेऊ. ‘अर्धवाहक वेफर तापवण्यासाठीचे साधन, ज्यामध्ये ॲल्युमिनियम नायट्राइडची पाटी असून तिच्या वरच्या पृष्ठावर वेफर ठेवण्याची जागा आहे, त्या पाटीत पुरलेली धातूची रोधक पट्टी आहे, आणि पाटीच्या खालच्या पृष्ठाला जोडलेला पोकळ सिरॅमिक दांडा आहे, आणि ज्याचे वैशिष्ट्य असे की, दांड्याच्या वर येणाऱ्या भागातील पट्टीची रुंदी ही त्या भागाबाहेरील पट्टीच्या रुंदीच्या ०.७ ते ०.९५ पट आहे.’

हा दावा कागदावर तुकड्यांत लिहून काढावा आणि प्रत्येक तुकड्यासमोर दोन गोष्टी लिहाव्यात: तो तुकडा कोणते काम करतो, आणि त्याचा अर्थ कुठे ताणला जाऊ शकतो. ‘तापवण्यासाठीचे’ हा शब्द युरोपीय पद्धतीत ‘त्या कामास योग्य’ असा वाचला जातो. दुसऱ्या हेतूने बनवलेली पाटीदेखील वेफर तापवण्यास खरोखर योग्य असेल, तर ती दाव्याच्या आड येऊ शकते. मात्र स्वयंपाकाची सिरॅमिक शेगडी दाखवून नावीन्य नाकारता येणार नाही, कारण तिची शुद्धता, तिचे पृष्ठ आणि निर्वातातले तिचे वागणे त्या कामाला चालणारे नसते. ‘पट्टी’ म्हणजे छापलेला सपाट पट्टा की गुंडाळीची तारसुद्धा, हा दुसरा प्रश्न. गुंडाळीला ‘रुंदी’ असते का? असल्यास ती तारेचा व्यास की गुंडाळीचा बाह्य व्यास? तिसरा आणि सर्वांत त्रासदायक प्रश्न ‘दांड्याच्या वर येणारा भाग’ या शब्दांचा आहे. दांडा वरच्या टोकाला बऱ्याचदा तुतारीसारखा रुंदावतो. मग हा भाग आतल्या व्यासाने मोजायचा, बाहेरच्या व्यासाने मोजायचा की जोडणीच्या कड्याने? तीन मोजमापांनी तीन वेगळी वर्तुळे निघतात, आणि एकाच हीटरवर दावा एका वर्तुळाने लागू पडतो, तर दुसऱ्याने पडत नाही.

असे प्रश्न पडले की वर्णनाकडे वळावे. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाने १८ जून २०२५ रोजी दिलेल्या जी १/२४ या निर्णयात, दाव्याचा अर्थ लावताना वर्णन आणि आकृत्या नेहमीच पाहायच्या, दावा संदिग्ध असेल तेव्हाच नव्हे, असे स्पष्ट केले आहे. मात्र पाहणे म्हणजे वर्णनातली मर्यादा गुपचूप दाव्यात घालणे नव्हे. वर्णनात ‘दांड्याचा बाह्य व्यास’ अशी व्याख्या दिलेली असेल, तर तिने अर्थ उजळतो. पण वर्णनातले उदाहरण सपाट पट्ट्याचे आहे एवढ्यावरून दाव्यातून तार वगळता येत नाही. अर्थ अनिश्चित राहत असेल तर स्पष्टतेचा आक्षेप घ्यावा आणि शोधासाठी सर्वांत व्यापक समंजस अर्थ धरून पुढे जावे.

तिसरी पायरी: शोध

पूर्वज्ञान, म्हणजे अर्जाआधीच लोकांपुढे आलेली माहिती (रोजच्या बोलण्यातले प्रायर आर्ट), शोधताना पेटंट वर्गीकरणाच्या एकाच वर्गात अडकू नये. हे साधन विद्युत तापनात बसते, वेफर धरण्याच्या साधनांत बसते, बाष्प निक्षेपणात बसते आणि सिरॅमिकच्या रसायनातही बसते. एच०५बी ३ मध्ये रोधक तापक येतात. त्यातला ३/२८ हा उपगट रोधक वाहक निरोधक साहित्यात पुरलेल्या तापकांचा आहे. एच०१एल २१/६७ आणि २१/६८३ मध्ये वेफर हाताळण्याची आणि धरण्याची साधने, सी२३सी १६/४५८ आणि १६/४६ मध्ये निक्षेपणाच्या वेळी आधार देण्याची आणि तापवण्याची साधने, तर सी०४बी ३५/५८१ मध्ये ॲल्युमिनियम नायट्राइडचे सिरॅमिक येते. वर्गीकरण वेळोवेळी बदलते, त्यामुळे जुने दस्तऐवज जुन्या चिन्हाखाली आणि नवे नव्या चिन्हाखाली असू शकतात. दोन्ही तपासावीत.

शब्दांच्या बाबतीतही जाळे मोठे टाकावे लागते. हेच साधन कुठे हीटर, कुठे सस्सेप्टर, कुठे पेडेस्टल, कुठे स्टेज तर कुठे नुसते ‘धारण करणारे अंग’ म्हणून येते. या क्षेत्रातले बरेच मोलाचे दस्तऐवज जपानी आहेत. एनजीके इन्सुलेटर्स, क्योसेरा, सुमितोमो इलेक्ट्रिक आणि इबिडेन यांच्या अर्जांवाचून हा शोध पुरा होत नाही. जुन्या यांत्रिक भाषांतरांत ‘हात्सुनेत्सुताइ’ या जपानी शब्दाचे, म्हणजे तापक घटकाचे, ‘उष्णता निर्माण करणारी वस्तू’ अशा अर्थाचे विचित्र इंग्रजी झालेले दिसते, आणि तुमचा शोधशब्द ‘हीटिंग एलिमेंट’ असेल तर तो दस्तऐवज हाती लागतच नाही. म्हणून जपानी कार्यालयाचे एफ-टर्म, म्हणजे त्यांची स्वतःची शोध-चिन्हे, वापरायला शिकावे आणि आकृत्या डोळ्यांखालून घालाव्यात. पट्टीची मांडणी शब्दांपेक्षा आकृतीत लवकर सापडते. तासाभरात दोनशे आकृत्या पाहता येतात आणि मध्यभागी बारीक झालेली रेष नजरेला लगेच खटकते.

शोध दाव्याच्या शेवटच्या ओळीपासून सुरू करावा, पण तिथे थांबू नये. अर्जदार पुढे कुठे माघार घेईल याचा अंदाज बांधून उपदाव्यांचा आणि वर्णनातल्या महत्त्वाच्या पर्यायांचा शोधही त्याच बैठकीत करावा, नाहीतर दुरुस्ती आल्यावर सारे पुन्हा करावे लागते.

चौथी पायरी: नावीन्य

हे लवकर आटोपते. दाव्यातले सर्व तुकडे एकाच दस्तऐवजात, एकत्र आणि त्याच मांडणीत, थेट व निःसंदिग्धपणे दिसले तरच नावीन्य जाते. दोन सापळे मात्र लक्षात ठेवावेत. पहिला म्हणजे आकृतीवर पट्टी धरून मोजणे. पूर्वदस्तऐवजाच्या आकृतीत मधली पट्टी बारीक दिसते म्हणून तिची रुंदी मोजून ०.८ हे गुणोत्तर काढू नये. आकृत्या ढोबळ असतात. त्यांतून रचना कळते, परिमाण कळत नाही. दुसरा सापळा मूल्यपट्ट्याचा. पूर्वदस्तऐवजात ‘०.५ ते १’ असा विस्तृत पट्टा असेल आणि दाव्यात ०.७ ते ०.९५ असेल, तर युरोपीय पद्धतीत हा उपपट्टा तुलनेने अरुंद आहे का आणि दस्तऐवजातल्या प्रत्यक्ष उदाहरणांपासून पुरेसा दूर आहे का, हे पाहावे. उदाहरण ०.९ चे असेल, तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

पाचवी पायरी: कल्पकतेची पायरी

दाव्यातला फरक त्या क्षेत्रातल्या सर्वसाधारण तज्ज्ञाला, म्हणजे ‘जाणकारा’ला, सहज सुचला असता का, हा इथला प्रश्न. आपल्या उदाहरणातल्या दाव्याचा निकाल इथे लागतो, म्हणून इथे घाई करू नये. समजा शोधात दोन दस्तऐवज मिळाले. डी-१ मध्ये पाटी, दांडा आणि पुरलेली टंगस्टनची पट्टी आहे. पट्टीची रुंदी सगळीकडे सारखी आहे, आणि दांड्यामुळे मधला भाग गार पडतो याची तक्रार त्यातच नोंदवलेली आहे. डी-२ मध्ये दांडा नाही, पण वेफर उचलणाऱ्या पिनांसाठी पाटीत छिद्रे आहेत. छिद्रांभोवती पट्टीला वळसा घ्यावा लागल्यामुळे तिथे गार डाग पडतो, आणि तो घालवण्यासाठी त्या वळशात पट्टी अरुंद केलेली आहे.

युरोपीय कार्यालयाच्या समस्या-समाधान पद्धतीप्रमाणे आधी सर्वांत जवळचे पूर्वज्ञान ठरवायचे, मग फरक काढायचा, मग त्या फरकाचा परिणाम ओळखायचा आणि त्यावरून वस्तुनिष्ठ समस्या लिहायची. नवशिक्या परीक्षक इथे अर्जदाराने लिहिलेला परिणाम तसाच उचलतो: ‘मधले तापमान एकसारखे होते.’ तसे न करता पट्टीतून प्रवाह सोडून पाहावा.

एकच सलग पट्टी असेल तर तिच्यातून सर्वत्र सारखाच प्रवाह वाहतो. दर सेंटिमीटर लांबीला निर्माण होणारी उष्णता त्या ठिकाणच्या रोधाच्या प्रमाणात असते, आणि रोध पट्टीच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. जाडी तीच ठेवून रुंदी ०.८ पट केली, तर दर सेंटिमीटरची उष्णता १.२५ पट होते, ०.९५ पट केली तर सुमारे १.०५ पट, आणि ०.७ पट केली तर सुमारे १.४३ पट. म्हणजे गार पडणाऱ्या जागी जास्त उष्णता मिळते, आणि अर्जदाराचे म्हणणे इथवर खरे ठरते. पण दावा जाडीबद्दल काहीच बोलत नाही. रुंदी ०.८ पट केली आणि तिथेच जाडी १.२५ पट ठेवली, तर छेद तोच राहतो, रोध तोच राहतो आणि उष्णताही तीच राहते. तरीही असा हीटर दाव्यात बसतो.

याहून गंभीर गोष्ट जोडणीची आहे. आतली आणि बाहेरची पट्टी एकसरीत (एकामागोमाग एक) जोडलेल्या आहेत असेही दाव्यात म्हटलेले नाही. दोन्ही पट्ट्या एकाच व्होल्टतेवर समांतर जोडल्या, तर बाकी सारे सारखे असताना अरुंद पट्टीचा रोध वाढल्यामुळे तिच्यातला प्रवाह कमी होतो आणि ती कमी उष्णता देते. मधला भाग आणखी गार पडेल असे साधनही, म्हणजे, दाव्याच्या कक्षेत येते. आतल्या क्षेत्राला स्वतंत्र नियंत्रक असेल, तर रुंदीचे गुणोत्तर उष्णतेबद्दल काहीच ठरवत नाही, कारण किती शक्ती द्यायची ते नियंत्रक ठरवतो. मी ही गोष्ट इतकी ठासून सांगतो आहे, कारण दावा केवळ शब्दांच्या पातळीवर वाचणाऱ्याला ती कधीच दिसत नाही, आणि एकदा दिसली की आक्षेपाचा पाया तयार होतो. सांगितलेला परिणाम दाव्याच्या संपूर्ण विस्तारात मिळत नसेल, तर समस्या लिहिताना तो धरता येत नाही. मग ‘एक पर्यायी पट्टी-मांडणी देणे’ एवढीच समस्या उरते, आणि पर्याय म्हणून रुंदी कमी-जास्त करणे जाणकाराला सहज सुचण्यासारखे आहे. याच मुद्द्यावर अत्यावश्यक वैशिष्ट्य दाव्यात नसल्याचा, म्हणजे स्पष्टतेचा, आक्षेपही घेता येतो.

आता अर्जदाराने दुरुस्ती करून ‘जाडी सर्वत्र सारखी आहे आणि आतील व बाहेरील भाग एकसरीत जोडलेले आहेत’ असे घातले असे समजू. परिणाम आता दाव्याला चिकटला. मग प्रश्न उरतो तो डी-१ घेऊन बसलेला जाणकार डी-२ कडे वळला असता का हा. नुसता वळू शकला असता का हा नव्हे. दोन्हीकडे गार डाग आहे, पण कारणे वेगळी आहेत: छिद्राजवळ उष्णतेचा स्रोतच दूर गेला आहे, दांड्याजवळ स्रोत जागेवर आहे आणि उष्णता बाहेर ओढली जाते आहे. माझ्या मते हा फरक अर्जदाराला तारत नाही, कारण उपाय कारणावर अवलंबून नाही. जिथे उष्णता कमी पडते तिथे ती जास्त निर्माण करणे ही डी-२ ची शिकवण दोन्ही ठिकाणी सारखीच लागू पडते. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये केएसआर खटल्यात दिलेल्या निर्णयानंतर तर दोन दस्तऐवज जोडण्याची प्रेरणा त्या दस्तऐवजांत शब्दशः लिहिलेली असण्याची गरज उरलेली नाही.

चित्र पालटते ते डी-१ मध्ये विरुद्ध दिशेचा सल्ला असेल तेव्हा. दांड्याच्या वरच्याच भागात टर्मिनल ब्रेझिंगने (वितळलेल्या धातूच्या सांध्याने) जोडलेले असतात, आणि काही दस्तऐवज सांगतात की टर्मिनलजवळ पट्टी मुद्दाम रुंद ठेवावी, नाहीतर तिथे अति उष्ण ठिपका तयार होऊन जोडणीभोवतीच्या सिरॅमिकला तडा जातो. डी-१ असे सांगत असेल, तर त्याच जागी पट्टी अरुंद करणे हे प्रवाहाविरुद्ध जाणे आहे, आणि ०.७ ही खालची मर्यादा त्या तड्याच्या धोक्यापाशीच आखली असल्याचे प्रयोगांतून दिसत असेल, तर मी कल्पकता मान्य करण्याकडे झुकेन. म्हणून डी-१ चा केवळ सारांश वाचून आक्षेप लिहू नये. टर्मिनलवरचा परिच्छेद शोधून वाचावा.

सहावी पायरी: आकडे आणि मोजमाप

वर्णनातल्या प्रयोगांच्या तक्त्यापाशी बसताना हाताशी कागद असावा. तुलनेचा नमुना खरोखर डी-१ सारखा आहे का, की अर्जदाराने सोयीचा एखादा वाईट नमुना घेतला आहे? नमुन्यांमध्ये एकच गोष्ट बदलली आहे, की रुंदीबरोबर दांड्याचा व्यासही बदलला आहे? ०.६५, ०.७, ०.९५ आणि १ या चारही ठिकाणचे आकडे दिले असतील तर मर्यादांना अर्थ असल्याचे दिसते, फक्त ०.८ चा आकडा असेल तर दोन्ही टोके हवेतली आहेत. अमेरिकेतला इन रे ॲलर हा १९५५ चा निर्णय याच ठिकाणी आठवावा: सर्वसाधारण परिस्थिती आधीच माहीत असेल, तर नेहमीच्या प्रयोगांनी त्यातले उत्तम मूल्य शोधून काढणे ही कल्पकता नव्हे. जपानमध्ये बौद्धिक संपदा उच्च न्यायालयाच्या विस्तारित पीठाने नोव्हेंबर २००५ मध्ये ध्रुवीकरण पटलाच्या प्रकरणात, अंकांनी आखलेल्या दाव्याला वर्णनातल्या पुरेशा उदाहरणांचा आधार लागतो असे ठरवले, आणि तिथे आधाराच्या आक्षेपासाठी आजही तोच निर्णय पुढे केला जातो. अर्ज दाखल झाल्यानंतर आणून दिलेले आकडे युरोपात लगेच फेटाळता येत नाहीत. पण २०२३ च्या जी २/२१ या निर्णयाप्रमाणे, तो परिणाम मूळ अर्जाच्या शिकवणीत सामावलेला आणि त्याच आविष्काराने साकारलेला असल्याचे जाणकाराला मूळ अर्जावरून कळायला हवे.

मोजमापाच्या पद्धतीकडे दुर्लक्ष केल्याची चूक मी स्वतः केलेली आहे. कामाच्या सुरुवातीच्या काळात एका अर्जातला तापमानाचा फरक आणि पूर्वदस्तऐवजातला फरक मी शेजारी शेजारी मांडले आणि अर्जात काही सुधारणा नाही असा निष्कर्ष लिहिला. अर्जदाराच्या उत्तरातून कळले की एक आकडा निर्वातात, तापयुग्मे (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोड्या) बसवलेल्या वेफरवर घेतलेला होता, आणि दुसरा उघड्या हवेत, थेट पाटीच्या पृष्ठावर. निर्वातात पाटी आणि वेफर यांच्यामधला वायू विरळ झाल्यामुळे उष्णता पोहोचवण्याचे त्याचे काम मंदावते, म्हणून वेफरचे तापमान पाटीच्या तापमानाहून वेगळे असते. त्या दोन आकड्यांची तुलनाच होऊ शकत नव्हती. अवरक्त कॅमेऱ्याने घेतलेल्या मोजमापात आणखी एक अडचण असते: सिलिकॉन कमी तापमानाला अवरक्त किरणांना बराचसा पारदर्शक असतो, त्यामुळे कॅमेरा नक्की काय पाहतो आहे हे विचारावेच लागते.

रोधकतेच्या दाव्यांत हीच काळजी दुप्पट घ्यावी. ॲल्युमिनियम नायट्राइड थंड असताना उत्तम निरोधक असते, पण तापले की त्याची रोधकता अनेक घातांनी खाली येते आणि पट्टीतून वेफरकडे गळतीचा प्रवाह वाहू लागतो. ‘रोधकता १०⁸ ओहम-सेंटिमीटरहून अधिक’ असे नुसते लिहिणे पुरत नाही; कोणत्या तापमानाला, किती व्होल्टतेला, कोणत्या वातावरणात आणि कोणत्या इलेक्ट्रोडने मोजली हे दाव्यात किंवा निदान वर्णनात निश्चित असायला हवे. उष्णता-वाहकतेसाठी लेसर फ्लॅश पद्धत आणि विद्युत गुणधर्मांसाठी जेआयएस सी २१४१ सारखे जपानी मानक नमूद केलेले असेल, तर बरेचसे वाद उद्भवतच नाहीत.

सातवी पायरी: आक्षेपपत्र आणि त्याचे उत्तर

आक्षेपपत्रात दाव्याचा प्रत्येक तुकडा आणि दस्तऐवजातला नेमका परिच्छेद किंवा आकृती-क्रमांक समोरासमोर द्यावा, आणि दस्तऐवज जपानी असेल तर कोणत्या भाषांतरावर विसंबलो तेही लिहावे. जाडीचा आणि जोडणीचा मुद्दा सूत्रासह दोन-तीन वाक्यांत मांडावा. ‘परिणाम दिसत नाही’ असे मोघम लिहिले, तर उत्तरही मोघमच येते. युरोपात उत्तराला सहसा चार महिने दिले जातात, अमेरिकेत तीन महिने आणि शुल्क भरून सहापर्यंत मुदतवाढ मिळते.

दुरुस्त दावे आले की सर्वप्रथम मूळ अर्जातला आधार तपासावा. ‘एकसरीत’ हा शब्द वर्णनात कुठेच नसेल, पण आकृतीत एका टर्मिनलपासून दुसऱ्या टर्मिनलपर्यंत एकच सलग रेष स्पष्ट दाखवलेली असेल, तर तो आधार चालतो, कारण ही रचनेची गोष्ट आहे आणि रचना आकृतीतून निःसंदिग्धपणे कळते. जाडीचे मात्र जपून पाहावे. वर्णनात ‘टंगस्टनची पेस्ट पडद्याच्या साहाय्याने सर्वत्र २० मायक्रोमीटर जाडीने छापली’ असे एकच उदाहरण असेल, आणि दाव्यात कोणत्याही धातूची, कोणत्याही पद्धतीने केलेली, ‘सारख्या जाडीची पट्टी’ आली असेल, तर जाडी त्या उदाहरणातून सुटी काढून व्यापक केली आहे. एकसारखी जाडी छपाईच्या पद्धतीशी अतूटपणे बांधलेली आहे की तिच्यापासून वेगळी समजता येते, यावर ही दुरुस्ती युरोपीय पेटंट करारातील, मूळ अर्जापलीकडची भर मनाई करणाऱ्या, कलम १२३(२) खाली टिकेल किंवा पडेल. अमेरिकेत आणि जपानमध्येही नवी बाब घालण्याची मनाई आहे, पण तिथले मोजमाप थोडे वेगळे आहे. एका कार्यालयातली मान्य दुरुस्ती पाहून दुसऱ्या कार्यालयात ती गृहीत धरू नये.

सर्व ठीक असेल तर मंजुरीच्या मजकुरापूर्वी वर्णन पुन्हा एकदा पहिल्या पानापासून वाचावे. दाव्यात एकसरीतली छापील पट्टी राहिली असताना वर्णनात गुंडाळीच्या तारेचे किंवा स्वतंत्र नियंत्रकांचे उदाहरण ‘आविष्काराचे रूप’ म्हणून शिल्लक असेल, तर तेही आता दाव्याशी जुळवून घ्यायला लावावे, आणि ‘दांड्याच्या वर येणारा भाग’ कोणत्या व्यासाने मोजायचा ती व्याख्या दाव्यात आणि आकृतीच्या खुणांत एकच आहे ना, हे रेष ओढून पाहावे.